पणजोबांच्या संदुकीतले सहा खंड: पहिली आवृत्ती की खिचडी?

जालन्याचा मास्तर
नमस्कार मंडळी. माळवद गळायला लागलं म्हणून गेल्या महिन्यात वाड्याची माडी रिकामी केली. सागवानी संदुकीत तळाला, लग्नाच्या जुन्या याद्यांखाली, कातडी बांधणीची सहा छोटी पुस्तकं निघाली. लंडनचा प्रकाशक डॉड्सली, त्यानं काढलेला अनेक कवींचा संग्रह, 'अ कलेक्शन ऑफ पोएम्स बाय सेव्हरल हँड्स'. पणजोबा इथल्या छावणीत कारकून होते. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या राज्यातली इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, मोडली, साहेब लोक सामान विकून निघाले, तेव्हा त्यांनी ही घेतली असं आजी सांगायची.

आता माझी अडचण. तीस वर्षं इंग्रजी शिकवता शिकवता मी रद्दीच्या दुकानांत जुने इंग्रजी संग्रह हुडकले. मिळालं काय, तर पालग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी' या कवितासंग्रहाच्या अकरा शाळकरी प्रती! म्हणून हे सहा बघून हात थरथरले. पण रोमन आकडे लावून बघतो तर पहिल्या तिघांवर १७४८, चौथ्यावर १७५५, पाचव्या-सहाव्यावर १७५८. एका जुन्या पुस्तकवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "मास्तर, ही खिचडी आहे. कुठले कुठले खंड एकत्र बांधलेत. किलोवर घेतो." रात्रभर झोप नाही.

दोन प्रश्न. खरंच खिचडी आहे का? आणि काही पानांच्या कडेला पेन्सिलीची गिचमिड आहे, शिवाय पाठीला कसर लागलीय. खोडरबर फिरवू का?

जुनंपान
मास्तर, आधी फोन ठेवा आणि खोडरबरही ठेवा.

डॉड्सलीनं १७४८ साली तीनच खंड काढले. खपले, म्हणून चौथा १७५५ मध्ये आणि शेवटचे दोन १७५८ मध्ये आले. मग सहाही खंडांवर एकच साल कसं असेल? सहावर एकच साल असतं तर ती नंतरची आवृत्ती, उदाहरणार्थ १७६३ ची. तुमची 'खिचडी' हीच बरोबर मांडणी आहे. फोनवाल्याला एक तर ठाऊक नव्हतं किंवा फार चांगलं ठाऊक होतं.

पण इतक्यात पेढे वाटू नका. १७४८ मध्येच दुसरी आवृत्तीही निघाली. पहिल्या तीन खंडांच्या शीर्षकपानावर 'द सेकंड एडिशन' छापलंय का ते भिंगातून बघा. शिवाय प्रत्येक पानाखाली उजवीकडं पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो, तो पुढच्या पानाशी जुळतो का हे पानागणिक तपासा. पान गेलं असेल तर तिथं सापडतं.

हा डॉड्सली आधी लोकांच्या घरी हुजऱ्या होता, बरं का. कवी पोपनं १०० पौंड दिले आणि १७३५ मध्ये त्यानं लंडनच्या पॉल मॉलवर दुकान थाटलं. त्याच्या आधीचा असाच इंग्रजी कवितांचा संग्रह म्हणजे टॉटेलची मिसलनी, १५५७ ची, तिच्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत उरलीय, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. तिचा नाद आपण सोडायचा. डॉड्सली मात्र त्या काळी घरोघरी गेला, म्हणून तो छावणीतही सापडतो.

कसरीचा वैरी
कसरीचं मी सांगतो, माझी परभणीत दोन कपाटं गेलीत. पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, घरच्या बर्फाच्या कप्प्याचा भरवसा नाही. आईस्क्रीमवाल्या मित्राला गाठा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, घरच्या हवेला आली की मगच, नाही तर कागदावर पाणी सुटतं. कातड्याला खोबरेल लावू नका, सेलोटेप तर अजिबात नको. कागदाची काळजी नको, तो चिंध्यांपासून केलेला आहे. आपली शंभर वर्षांची पुस्तकं पापडासारखी मोडतात, हे तसं मोडणार नाही.

लिंबोणी
विका आणि माळवदावर पत्रे टाका.

जालन्याचा मास्तर
लिंबोणी, पत्र्यांचे पैसे पेन्शनमधून जमलेत. उन्हाळ्यात त्याखाली बसून दाखवा, मग सांगा.

जुनंपान, बघितलं. तिन्हीवर 'द सेकंड एडिशन' आहे, भिंगाचीही गरज नाही, मीच हर्षानं आंधळा झालो होतो. चौथ्या, पाचव्या, सहाव्यावर तसं काही नाही. म्हणजे निम्मं भाग्य उघडलं म्हणायचं. पानाखालचे शब्द सहाही खंडांत जुळले, फक्त पाचव्यात एक पान फाटून गेलंय.

ती गिचमिड मोडी निघाली. सुटीत नात आली होती, तिच्याकडून फोटो मोठे करून घेतले आणि दुपारभर लावत बसलो. पणजोबा शब्दांचे अर्थ लिहीत होते. सगळ्यात जास्त खुणा दुसऱ्या खंडात, कवी ग्रेच्या त्या सोनमाशांच्या हौदात बुडालेल्या मांजरीच्या कवितेवर. ही कविता मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवली. 'टॅबी' या शब्दाच्या शेजारी त्यांनी लिहिलंय: 'मनी?'