नाशिकजवळच्या गंगापूर जलाशयाच्या पाण्याचे तापमान ऋतूनुसार कसे बदलते? हिवाळ्यात पोहण्याचा सराव तेथे करावा का?

प्रश्न : एक पालक, गंगापूर रोड

नमस्कार. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून ती जलतरण तलावात नियमित सराव करते. यंदा डिसेंबरमध्ये मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेत भाग घेण्याची तिची फार इच्छा आहे. नोव्हेंबरपासून पहाटे गंगापूर धरणाच्या जलाशयात पोहल्यास थंड आणि मोकळ्या पाण्याची सवय होईल, असे तिच्यासोबतच्या काही मुलांचे पालक सांगतात. निफाडचा पारा उतरू लागला की आपल्याकडची पहाट कशी असते, हे आपण सारे जाणतोच. हवा दहा अंशांवर असताना पाणीही तितकेच थंड असते का, त्यापेक्षा उन्हाळ्यातील पाणी अधिक सुरक्षित असते का, आणि या वयाच्या शरीराला अशा पाण्यात किती वेळ ठेवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त अभियंता, पाटबंधारे

हवा दहा अंशांवर आली म्हणून जलाशय दहा अंशांवर येत नाही. गंगापूरची साठवणक्षमता साडेपाच टीएमसीहून अधिक आहे आणि एवढे पाणी तापायलाही वेळ घेते व निवायलाही. म्हणून सर्वांत थंड पाणी हे सर्वांत थंड पहाटेचे नसते. काही आठवडे सलग थंड रात्री गेल्यानंतरचे असते. आपल्या पठारावरील मोठ्या जलाशयांचा पृष्ठभाग ऐन हिवाळ्यातही साधारणपणे विशीच्या थोडा वरच राहतो. काठावरच्या उथळ पाण्याचे मात्र तसे नाही. ते पहाटे बरेच निवते आणि दुपारी बरेच तापते, त्यामुळे काठाशी हात बुडवून संपूर्ण जलाशयाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. उघड्यावरचा, तापवण्याची सोय नसलेला जलतरण तलाव आकाराने लहान असल्याने डिसेंबरमध्ये धरणापेक्षाही लवकर थंड होतो, म्हणजे थंडीचाच सराव हवा असेल तर तो तलावातही होतो.

ऋतूंचा खरा फरक खोलीत दिसतो. हिवाळ्यात रात्री पृष्ठभागाचे पाणी निवते, जड होते, खाली जाते आणि खालचे वर येते. अशा ढवळण्यामुळे वरपासून खालपर्यंत तापमान जवळजवळ सारखे होते. फेब्रुवारीनंतर ऊन चढू लागले की वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या थंड थरावर तरंगत राहतो. एप्रिल-मे महिन्यांत छातीशी कोमट वाटणारे पाणी पायांना गार लागते ते यामुळेच, आणि उन्हाने तापलेल्या अंगाने कोणी सूर मारला की तो एकदम त्या थंड थरात शिरतो, दचकून श्वास ओढतो आणि त्या एका श्वासासोबत पाणी आत जाते. उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर उघडा पडणारा गाळ हा आणखी एक धोका आहे. वरून सुकलेला दिसतो, पण त्यात गुडघाभर पाय रुततो. पावसाळ्याबद्दल विचारूच नये. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांकडून येणारे गढूळ पाणी, त्यातून वाहत येणारी लाकडे आणि धरणातून सोडला जाणारा विसर्ग यांत पोहणे शक्य नाही. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पाणी कसे चढते, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

हे सारे माहितीसाठी सांगितले. गंगापूर हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत आहे आणि धरणाच्या पाण्यात उतरू नये असे फलक तेथे लावलेले असतात. ऋतू कोणताही असो, मुलीला तेथे उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : जलतरण मार्गदर्शक, नाशिक रोड

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याला एक महत्त्वाची बाब जोडतो. कोकण किनाऱ्यालगत अरबी समुद्राचे पाणी डिसेंबरमध्येही साधारण 27 ते 28 अंश असते. म्हणजे येथे थंडी सोसून मुलगी ज्या पाण्याची सवय करील, तसे पाणी तिला मालवणला मिळणारच नाही. खुल्या पाण्यातील आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत किमान 16 आणि कमाल 31 अंश अशी मर्यादा आहे आणि तापमान स्पर्धामार्गाच्या मध्यभागी, 40 सेंटीमीटर खोलीवर मोजले जाते. वरची मर्यादा ठेवावी लागते, कारण कोमट पाण्यात दीर्घकाळ जोर लावून पोहताना शरीर तापते. तेव्हा मालवणसाठी थंडीपेक्षा पुरेसे पाणी पिणे आणि सुरुवातीचा वेग आवरणे या गोष्टींची तयारी अधिक उपयोगी ठरेल.

जलतरण तलाव दिशा शिकवत नाही. तळाची काळी रेघ सगळे सांभाळते. त्यासाठी तिच्या मार्गदर्शकांना मार्गिकांचे दोर काढून सराव घेण्याची विनंती करावी. दर सहा-आठ हातांनंतर मान किंचित उचलून समोरची खूण पाहणे, दोन्ही बाजूंनी श्वास घेणे, भिंतीला न टेकता आधीच वळणे आणि तीन-चार जणांनी खेटून पोहणे, हे सर्व तलावात शिकता येते. खाऱ्या पाण्यात शरीर अधिक तरंगते, त्यामुळे पायांची ठेवण थोडी बदलते. एवढी एकच गोष्ट समुद्रात उतरल्यावरच कळते.

किती वेळ, याचे मिनिटांत उत्तर देणे योग्य होणार नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते, आणि सडपातळ मुले मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. हाताची बोटे एकमेकांना जुळेनाशी झाली, ओठ निळसर दिसू लागले किंवा उत्तर देताना शब्द अडखळू लागले, की त्या क्षणी बाहेर काढावे, मग वेळ कितीही झालेली असो. बाहेर आल्यावरही काही काळ शरीराचे तापमान उतरतच राहते. म्हणून आधी अंग कोरडे करून गरम कपडे घालावेत आणि कढत पाण्याची आंघोळ लगेच करू नये.

उत्तर : द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

आता कोणीतरी आपणांस शेततळ्याचा पर्याय सुचवील, म्हणून आधीच कळकळीने लिहितो. शेततळ्यात मुलांना कधीही उतरवू नये. आतला प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की उतारावर ना पाय ठरतो ना हात, आणि उत्तम पोहणारा माणूसही काठाला येऊन बाहेर पडू शकत नाही. आमच्या भागात अशा दुर्घटना घडतात. तळ्याला कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर असलाच पाहिजे, पण तो चुकून पडलेल्यासाठी असतो, सरावासाठी नव्हे.

प्रश्नकर्ते पालक

सर्वांचे मनापासून आभार. गंगापूरचा विचार आम्ही सोडला आहे. मार्गिकांचे दोर काढण्याबाबत मार्गदर्शकांशी बोलणार आहोत. एक शंका उरते: समुद्राची ओळख व्हावी म्हणून स्पर्धेपूर्वी किती दिवस आधी मालवणला जावे?

जलतरण मार्गदर्शक, नाशिक रोड

दोन दिवस पुरेसे आहेत. स्थानिक जाणकार सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरू नये आणि भरती-ओहोटीच्या वेळा त्यांच्याकडूनच समजून घ्याव्यात. पहिल्या दिवशी किनाऱ्याला समांतर, कमरेएवढ्या पाण्यात पोहू द्यावे. दुसऱ्या दिवशी लाटांमधून आत जाणे आणि परत येणे यांचाच सराव घ्यावा, अंतर वाढवू नये.