मदत हवी आहे: हँडब्रेक खाली, तरी लाल दिवा विझत नाही (सॅन स्टॉर्म, २००१)

इंदूरकर:
नमस्कार मंडळी. गाडी सॅन स्टॉर्म. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: गोव्यात बनलेली, दोनच सीटची, कापडी छताची, फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार, आत रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. मी तिचा चौथा मालक. आधीच्या तिघांनी वायरिंगमध्ये आपापली कला दाखवून ठेवली आहे, तेव्हा कुठली वायर मूळची ते विचारू नका.

हँडब्रेक पूर्ण खाली असला तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटलेलाच. चावी फिरवली की लागतो, काढली की विझतो, मधे काहीही करा, ढिम्म. पाऊस सुरू झाला त्या आठवड्यापासून हे कायमचं झालं. त्याआधी महिनाभर नवलखा चौकात वळताना किंवा सिग्नलला जोरात ब्रेक दाबला की क्षणभर लुकलुकायचा आणि गप्प व्हायचा. छत गळतं, सीटखाली पाणी साचतं, म्हणून माझा सगळा संशय लिव्हरखालच्या स्विचवर.

लिव्हर हाताने आणखी खाली दाबून पाहिला. मधलं कन्सोल उघडून स्विच साफ केला, हेअर ड्रायरने सुकवला. शेवटी वैतागून स्विचची वायरच उपटली. तरी दिवा चालू! ब्रेक ऑइल पाहिलं, खालच्या खुणेच्या बरंच वर आहे. ब्रेक लागतातही चांगले.

महू नाक्याजवळच्या एका मिस्त्रीला दाखवलं. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "भिया, तार काट देता हूँ, दो मिनट का काम है." मी म्हटलं राहू दे. रविवारी महेश्वरला जायचंय, वाटेत गणेश घाट. बायकोने सांगून टाकलंय की तो लाल डोळा उघडा असेल तर ती बसने येईल.

पोहेजलेबी:
काळी टेप लाव आणि वहिनींना सांग दुरुस्त झालं. (मिस्त्रीपेक्षा स्वस्तात.)

जुनाट_डिझेल:
फायबर बॉडी आहे ना? मग अर्थिंग. फायबरमधून करंट जात नाही, प्रत्येक गोष्टीला वेगळी अर्थची वायर लागते आणि पावसात तिच्या टोकाला गंज चढतो. सगळे अर्थचे नट खोलून सँडपेपर मारा.

पेचकस (बडोदा):
अर्थिंग नाही हो काका. या दिव्याला एका टोकाने करंट कायम मिळत असतो, स्विच फक्त दुसरं टोक अर्थला टेकवतो. अर्थ गेला तर दिवा लागणारच नाही. इथे उलटं झालंय, कुठेतरी नको तिथे अर्थ मिळतोय.

इंदूरकर, तुम्ही उत्तर स्वतःच लिहून पुढे निघून गेलात. वळताना आणि ब्रेक दाबताना लुकलुकायचा, म्हणालात ना? स्विचला वळण काय कळणार! वळताना हलतं ते ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल. बहुतेक जुन्या गाड्यांत हा एकच दिवा दोन ठिकाणचं सांगतो: हँडब्रेक ओढलेला आहे, किंवा ब्रेक ऑइल कमी आहे. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, पातळी उतरली की तो खाली बसतो आणि दिव्याला अर्थ देतो. पातळी काठावर आली की आधी हेलकाव्याला लुकलुकतो, मग कायमचा लागतो. तुमचा महिनाभराचा हिशेब तंतोतंत हाच आहे.

आता टाकीच्या झाकणावर (काही गाड्यांत टाकीच्या बुडाशी) जी वायर येते तिचा प्लग काढा, चावी फिरवा. दिवा विझला तर बोट टाकीकडे. दोन्ही प्लग काढूनही लागलेलाच राहिला, तर वायर कुठेतरी घासून उघडी पडली आहे, मग मल्टीमीटर घेऊन बसा. आणि तार कापायची गोष्ट सोडाच. तेव्हा ऑइल संपलं तरी सांगणारं कोणी उरणार नाही, तेही गणेश घाटात.

इंदूरकर:
दादा, विझला!! झाकणावरचा प्लग काढला आणि गेला. पण ऑइल तर वर आहे. म्हणजे फ्लोटच खराब? तेवढाच मिळतो का कुठे?

पेचकस (बडोदा):
थांबा, काही विकत घेऊ नका. टाकी किती जुनी आहे? पिवळी पडली असेल तर बाहेरून दिसते ती रेष खरी मानू नका. अंधारात मागून टॉर्च धरा आणि कोणाला तरी गाडी हलवायला सांगा. रेष हलते का पाहा.

इंदूरकर:
लाज वाटते सांगायला. रेष हलली नाही. तो डाग आहे, कित्येक वर्षांच्या ऑइलचा. खरी पातळी त्याच्या दोन बोटं खाली, मिनच्याही (खालच्या खुणेच्याही) खाली. दिवा महिनाभर खरं बोलत होता आणि मी त्याचाच स्विच सुकवत बसलो होतो. आता टॉप-अप करतो. ब्रेक ऑइल कुठल्या प्रकारचं घालू, डॉट ३ की डॉट ४?

पेचकस (बडोदा):
झाकणावर लिहिलं असेल तेच. पण अजून ओतू नका! ऑइल गेलं कुठे ते आधी पाहा. ते इंजिन ऑइलसारखं जळत नाही. एक तर गळतंय, नाही तर ब्रेकचे पॅड झिजलेत. पॅड झिजले की कॅलिपरचे (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढं ऑइल त्यांच्या मागे जाऊन बसतं. आता भरलंत तर नवे पॅड घालताना पिस्टन आत ढकलल्यावर टाकी उतू जाईल. ब्रेक ऑइल रंग खातं, तुमच्या बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा. पेडल खोल जात असेल तर गाडी हलवूच नका.

जुनाट_डिझेल:
माझं अर्थिंग परत घेतो. बाटली मात्र सीलबंद घ्या, उघडी राहिलेली हवेतली ओल ओढते.

इंदूरकर:
शनिवार रात्रीचा अपडेट. चाकं काढली. गळती कुठे नाही, मागचे ड्रम कोरडे. पुढचे पॅड मात्र पापडासारखे, जेमतेम दोन मिलिमीटर. बाजारात हे पॅड या गाडीच्या नावाने मागितले की दुकानदार हसतो, म्हणून जुना पॅडच खिशात घालून फिरलो आणि चौथ्या दुकानात मापाचा जोड मिळाला. पिस्टन आत ढकलले तशी पातळी आपोआप वर चढली. थेंबभरही घालावं लागलं नाही. प्लग लावला, चावी फिरवली, दिवा नाही. बायकोने तीन वेळा चावी फिरवून खात्री केली.

आता नवी भानगड. हँडब्रेकच्या स्विचची वायर उपटताना त्याची क्लिप तुटली, त्यामुळे हँडब्रेक ओढला तरी दिवा लागत नाही. एका वायरीचा, दाबाचा साधा स्विच आहे. मारुती ८०० चा बसेल का? कोणी बसवलाय?

पोहेजलेबी:
म्हणजे आधी विझत नव्हता, आता लागत नाही. टेपचे पैसे वाचले. तुटलेल्या स्विचचा फोटो टाक, सोमवारी घेऊन येतो.