गेटजवळच्या बहाव्याला तार रुतलीये, सगळ्यांनी प्लीज वाचा

सी-२०४: नमस्कार मंडळी. आज सकाळी चालून येताना गेटजवळच्या बहाव्यापाशी थांबले. दिवाळीच्या लायटिंगसाठी बांधलेली लोखंडी तार अजून तशीच आहे आणि आता ती सालीत रुतून बसलीये. तारेच्या वरच्या बाजूला खोड चांगलंच फुगलंय, बोट फिरवलं की कडा हाताला लागते आणि खालचा भाग मात्र बारीकच राहिलाय. शिवाय पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला टेकवलेत. पाऊस तोंडावर आहे तेवढ्यात हे करून घेऊया, नंतर पळापळ करून उपयोग नाही.

सेक्रेटरी: मॅडम पेव्हरवाल्याला विचारलं होतं तेव्हा, तो म्हणाला झाडाला काही होत नाही. आणि झाड हिरवंगार दिसतंय की वरून, नवीन पालवी पण आलीये.

डी-३०२: हो ना, आणि यंदा तर बहावा काय फुलला होता! एवढी पिवळी झुंबरं मी इथे राहायला आल्यापासून पाहिली नव्हती. मग आजारी कसं म्हणायचं?

सी-२०४: त्याचीच मला काळजी वाटतेय. जरा मोठं लिहिते, कंटाळू नका. झाडात दोन वेगळ्या वाटा असतात. मुळांनी घेतलेलं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार वर जातात ते आतल्या लाकडातल्या जलवाहिन्यांतून, ज्याला झायलेम म्हणतात. आणि पानांनी उन्हात तयार केलेली साखर खाली येते ती रसवाहिन्यांतून, म्हणजे फ्लोएममधून, आणि हा फ्लोएम असतो सालीच्या आतल्या पातळ थरात. तार रुतली की आधी हाच थर चेपतो. आतल्या लाकडाला काही झालेलं नसतं, त्यामुळे पानांना पाणी मिळत राहतं आणि झाड हिरवं दिसतं. पण खाली मुळांना जेवण पोचत नाही. साखर तारेच्या वर अडकते म्हणून तिथे फुगवटा येतो, आणि वर साखर साठली की फुलंही जास्त येऊ शकतात, लिचीच्या बागांमध्ये तर बहर यावा म्हणून मुद्दाम फांदीच्या सालीला वर्तुळाकार काप देतात. त्यामुळे भरपूर फुलला म्हणजे ठणठणीत आहे असं अजिबात धरून चालू नका.

बी-६०१: बरोबर आहे मॅडमचं. आमच्याकडे नाशिकला द्राक्षात हेच करतात, गर्डलिंग म्हणतात. मणी धरले की खोडाची किंवा काडीची सालीची बारीक रिंग काढायची, काही मिलिमीटरच, मग वरची साखर वरच राहते आणि मणी फुगतो. पण ती जखम काही आठवड्यांत भरून यावी लागते, रिंग रुंद झाली किंवा खोल गेली की वेल मागे पडते, वडील ते काम कुणा नवख्याच्या हातात देतच नाहीत

ए-१०३: आणि डाळिंबाची गुटी कलमं पण तशीच ना? साल गोल काढून ओलं शेवाळ बांधतात, मुळं रिंगच्या वरच्या कडेला फुटतात.

सी-२०४: हो काका, अगदी तेच! खाली उतरणारं सगळं तिथे अडतं म्हणून मुळं वरच्या कडेलाच फुटतात. १७व्या शतकात इटलीत मार्सेलो माल्पिगी यांनी झाडांच्या साली गोल काढून हाच फुगवटा पाहिला होता.

डी-३०२: आजी मी मुलगी टाइप करतेय, यंदा दहावी. मला एक कळत नाही, आम्हाला पुस्तकात मूलदाब आणि बाष्पोच्छ्वास दोन्ही आहे पण झाडाला हृदय नाही तर पाणी वर ढकलतं कोण?

सी-२०४: फार छान विचारलंस गं. ढकलण्यापेक्षा ओढणं जास्त आहे. पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ उडते, तोच तुझा बाष्पोच्छ्वास, मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं बहुतेक सगळं असंच उडून जातं, झाडाच्या अंगी लागतं ते फारच थोडं. एक कण उडाला की मागचा ओढला जातो, कारण पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि ही ओढ पानापासून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोचते. १८९४ मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी हे मांडलं. आपल्या बोअरचा पंप वर ठेवून पाणी खेचायचं म्हटलं तर साधारण १० मीटरच्या पुढे ते येतच नाही, म्हणून तर पंप खाली सोडतात. झाडांना ती अडचण नाही, कॅलिफोर्नियातली रेडवुडची झाडं ११० मीटरच्याही वर जातात आणि शेंड्यापर्यंत पाणी पोचतं, कारण नळ्या अतिशय बारीक आणि त्यातला धागा सलग. आणि त्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात बरं का. जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी कापलेली झाडं विषारी द्रावणात उभी केली होती, खोडातल्या जिवंत पेशी मेल्या तरी द्रावण वर चढत राहिलं, पानं मेली तेव्हाच थांबलं.

मूलदाब बघायचा असेल तर उद्या सकाळी लवकर तुझ्या आईच्या अळूच्या कुंडीपाशी जा. पानाच्या टोकाला थेंब लटकलेला दिसेल. तो दवाचा नाही, रात्री वाफ उडत नाही तेव्हा मुळांनी ढकललेलं पाणी आहे. पण हा जोर उंच झाडाला पुरणारा नव्हे.

डी-३०२: वॉव थँक यू आजी!! आणि साखर खाली कशी येते? ती पण ओढली जाते का

सी-२०४: नाही, तिथे दाब असतो. पान फ्लोएममध्ये साखर भरतं, साखरेमुळे शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आत शिरतं, दाब वाढतो आणि रस जिथे साखर वापरली जाते तिकडे वाहतो, म्हणजे मुळं, फळं, नवे कोंब. म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाचं हे म्हणणं, १९३० मधलं. जलवाहिन्या मेलेल्या, पण हा थर जिवंत लागतो, म्हणूनच तारेने चेपला की काम बंद.

ए-१०३: आमच्या रत्नागिरीला माडाच्या पोयीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून, माडी काढतात ती म्हणजे हाच रस का मग? नीरा गोड लागते ती त्यामुळेच?

सी-२०४: हो काका, पोयीकडे निघालेली साखरच ती. आणि विषय निघालाच आहे तर सांगते, मागच्या बाजूच्या नारळांना सालीची अशी रिंगच नसते, वाहिन्यांचे जुडगे सगळ्या खोडात पसरलेले असतात. त्यामुळे तारेने तो बहाव्यासारखा उपाशी मरणार नाही, पण त्याची जखम कधीच भरून येत नाही, म्हणून तिथे पण खिळे नकोत.

सेक्रेटरी: ओके मॅडम समजलं. मग खत टाकूया का बहाव्याला? माझ्याकडे युरियाची पिशवी आहे

सी-२०४: नको नको, आत्ता खत नको. मातीतले क्षार मुळात ओढून घ्यायला मुळाला ताकद लागते, ती येते पानांच्या साखरेतून आणि श्वासाला लागणाऱ्या हवेतून. साखर तारेने अडवली, हवा पेव्हरने अडवली, मग खत घेणार कोण? मुळं साठवलेल्या पिठावर, म्हणजे स्टार्चवर, काही काळ काढतात, कधी एखादा हंगाम, कधी जास्तही, मग नवीन मुळं फुटेनाशी होतात आणि त्यानंतर पानं एकदम गळायला लागतात. तेव्हा लोक म्हणतात काल तर चांगलं होतं. ते चांगलं नव्हतंच हो, फक्त वरून कळत नव्हतं.

चेअरमन: वाचलं सगळं. एक विचारतो, वाळून पडलं तर गाड्यांवर येईल, त्यापेक्षा आत्ताच काढायचं का?

सी-२०४: साहेब, काढण्याचा विषयच नको. एक तर १९७५ च्या झाडांच्या कायद्यात इजा करणं सुद्धा तोडण्यातच धरलंय. आणि दुसरं म्हणजे हे झाड वाचण्यासारखं आहे. मी नीट पाहिलंय, रस्त्याच्या बाजूला वीतभर सालीत तार अजून रुतलेली नाही, तिथून रस खाली जातोय. ती वीत वाचवायचीये आपल्याला.

बी-६०१: माझ्याकडे कटर आहे, रविवारी सकाळी करतो. तार ओढून काढायची का पूर्ण?

सी-२०४: ओढू नका अजिबात! जिथे बाहेर दिसते तिथे तीन-चार ठिकाणी कापा, सुटे तुकडे काढा, जो भाग सालीच्या आत गेलाय तो राहू दे, ओढला तर उरलेली साल पण उचकटेल. जखमेवर रंग, डांबर, सिमेंट काही लावू नका. आणि सेक्रेटरी साहेब, बुंध्याभोवतीचे पेव्हर किमान १ मीटर मागे घ्यायचे, दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्ये हेच अंतर सांगितलं होतं. उघडी झालेली माती खणायची नाही, वरची मुळं तुटतात, नुसता वाळलेला पाला पसरायचा.

सेक्रेटरी: पेव्हरचा माणूस सोमवारी येतोय गटाराच्या कामाला, त्याच्याकडून करून घेतो. आणि यंदा लायटिंग झाडांना न बांधता कंपाउंडच्या खांबांना, मीटिंगच्या अजेंड्यात टाकतो.

डी-३०२: पाला आमच्याकडे आहे दोन गोण्या, खाली आणून ठेवते. आणि मुलगी विचारतेय कटिंगच्या वेळी आलं तर चालेल का, तिला फुगवटा जवळून बघायचाय

बी-६०१: ये की, साडेसातला गेटपाशी. टॉर्च आण, तारेची खालची बाजू अंधारात आहे.