बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे इंजिनाची, ताकद आणि खेळायची पद्धत कशी ओळखायची? (लेकीच्या सरावासाठी)

धागाकर्ता, राजारामपुरी
लेक अकरा वर्षांची आहे, अजून फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, नाही. एका ॲपवर '१३००' रेटिंगच्या बॉटशी, म्हणजे ॲपमधल्या संगणकी खेळाडूशी, रोज खेळते. काल मी शेजारी बसून बघितलं. बावीस चाली बॉट मास्तरासारखा खेळला आणि तेविसाव्या चालीला वजीर प्याद्याच्या तोंडी ठेवला. पोरगी जिंकली, पण तोंड एवढंसं करून म्हणाली, "बाबा, त्यानं मुद्दाम दिला." घरी जुना लॅपटॉप आहे. कुठलं इंजिन घेऊ? आणि कोण किती भारी, कोण कसं खेळतं, हे घरी तपासता येतं का?

प्रतिसाद १, मंगळवार पेठ
स्टॉकफिश टाका की. फुकट आहे आणि सगळ्यात ताकदवान.

प्रतिसाद २, शाहूपुरी
दादा, डाव झाल्यावर चुका शोधायला स्टॉकफिश घ्याच. सरावाला जोडीदार म्हणून मात्र नको. त्याची पातळी उतरवली की ते चांगल्या चालींतून मधेच एखादी हलकी चाल उचलतं, बाकी नजर तशीच तीक्ष्ण. तुमच्या लेकीला खटकलं ते हेच असणार, पोरीची नजर चांगली आहे.

रेटिंगचं म्हणाल तर आकडा त्या त्या यादीपुरताच. सीसीआरएल या इंजिनांच्या रेटिंग-यादीत इंजिनं एकमेकांशीच खेळतात, म्हणून तो आकडा फिडेच्या आकड्याशेजारी ठेवू नका. एका तालमीतला पहिला गडी दुसऱ्या तालमीत कितवा, हे कुस्ती लावल्याशिवाय कळत नाही.

दोन इंजिनांची कुस्ती लावायचीच तर क्यूटचेस हा फुकटचा प्रोग्राम घ्या. दोघांना सारखाच वेळ द्या आणि ओपनिंग, म्हणजे डावाच्या पहिल्या काही चाली, ठरवून द्या आणि प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवा. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेतही असंच करतात, कारण सुरुवातीच्या मांडणीतून भारी इंजिनं बरोबरीच करत बसतात. दहा डावांत ६-४ झालं म्हणून हुरळू नका. रेटिंगमध्ये १०० चा फरक म्हणजे भारी इंजिनाला सरासरी ६४ टक्के गुण, आणि शंभर डाव झाले तरी रेटिंगमध्ये ५०-६० ची चूक सहज राहते.

पद्धत मात्र आकड्यात सापडत नाही, त्याला डाव बघावे लागतात. लेकीच्याच डावातल्या पाच-सहा मांडण्या घ्या, जिथे दोघांनी उलट्या बाजूंना किल्लेकोट केलाय किंवा घोड्यासाठी हत्ती देता येतो. वजिरांची अदलाबदल कोण लवकर करतं, राजावर जायला प्यादं कोण सोडतं, हे वहीत लिहा. २०१७ साली अल्फाझीरो या स्वतःशीच खेळून शिकलेल्या इंजिनानं स्टॉकफिश ८ ला शंभर डावांत २८ वेळा हरवलं, ७२ बरोबरीत सुटले. पण मला त्या निकालापेक्षा ते डाव जास्त आवडतात. मोहरं देऊन वीस-वीस चाली नुसता दाब ठेवलाय! त्याच वाटेनं पुढे आलेलं लीला हे इंजिन मोफत आहे, पण त्याची पूर्ण ताकद दिसायला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं.

लेकीला माइया नावाचं इंजिन द्या. ते माणसांच्या लाखो डावांवर शिकलंय, ११०० ते १९०० अशा वेगवेगळ्या पातळ्यांचं. त्या पातळीचा माणूस जिथे चुकतो, तिथे ते चुकतं. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर त्याच्याशी थेट खेळता येतं.

धागाकर्ता
आज ११०० वाल्याशी खेळली. तिनं उंटानं घोडा पिन केला (म्हणजे हलला तर मागचं भारी मोहरं जाईल असा अडकवला), त्यानं तो सोडवलाच नाही, मग हिनं प्यादं पुढं ढकलून घोडा घेतला. पुढं हरली, तरी लगेच "अजून एक" म्हणाली. लॅपटॉपवर चालेल का हो?

प्रतिसाद २, शाहूपुरी
आरामात. माइया पुढच्या चाली मोजत बसत नाही, पट बघून एकदाच चाल ठरवतं. ज्या पातळीवर ती निम्मे डाव हरते, तिथेच महिनाभर ठेवा.