विजय दिवसाच्या दोन दिवस आधी प्राध्यापक, डॉक्टर का मारले?

चहाबाज
आपल्याकडे १६ डिसेंबर म्हटलं की १९७१चं बांगलादेश युद्ध, पाकिस्तानी जनरल नियाझीची शरणागतीवरची सही, ९३ हजार युद्धकैदी, एवढं पाठ असतं. ढाक्यातला एक कलीग बोलता बोलता म्हणाला की त्यांच्याकडे त्याआधी १४ तारखेला शहीद बुद्धिजीवी दिवस असतो, आणि मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. प्रश्न असा की तेव्हा युद्ध हरल्यात जमा होतं, भारतीय सैन्य ढाक्याच्या वेशीवर, मग बंगालीचे प्राध्यापक, डोळ्यांचे डॉक्टर, पत्रकार यांना घरातून उचलून मारून कोणाच्या पदरात काय पडणार होतं? नुसता सूड की काही हिशोब? व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नको प्लीज. डिसेंबरात तिकडे जाणं आहे, काय बघावं तेही सांगा.

खडूफळा
हिशोबच होता, आणि तो डिसेंबरात नाही, २५ मार्चच्या रात्रीच सुरू झाला. पाकिस्तानी लष्कराच्या ऑपरेशन सर्चलाइट या कारवाईत रणगाडे ढाका विद्यापीठात घुसले. तत्त्वज्ञानाचे गोविंदचंद्र देव, संख्याशास्त्राचे मुनीरुझ्झमान मारले गेले, इंग्रजीचे ज्योतिर्मय गुहठाकुरता गोळी लागून ३० मार्चला गेले. जगन्नाथ हॉल म्हणजे हिंदू मुलांचं होस्टेल, तिथल्या मैदानात लोकांना उभं करून गोळ्या घालत होते ते समोरच्या इंजिनिअरिंग विद्यापीठातले प्राध्यापक नुरुल उला यांनी खिडकीतून चोरून शूट केलंय. आणि कॅम्पसवरच्या कँटीनचे मधुदा, म्हणजे मधुसूदन दे, त्यांनाही सोडलं नाही. चहा विकणारा माणूस, पण विद्यार्थी चळवळीच्या सगळ्या बैठका त्याच्या टेबलांवर व्हायच्या, त्यामुळे यादी करणाऱ्यांनी बरोबर माणूस निवडला होता असंच म्हणावं लागेल.

मुळात राग होता भाषेवरून. फेब्रुवारी १९४८ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेत बंगाली भाषेला स्थान देण्याची मागणी केली धीरेंद्रनाथ दत्त यांनी. २३ वर्षं उलटली तरी विसरले नाहीत, मार्च ७१ मध्ये कोमिल्लाच्या घरातून त्यांना आणि मुलाला नेलं आणि छावणीत हाल करून मारलं. वय ८४. मुनीर चौधुरी बघा, भाषा आंदोलनात तुरुंगात गेले, तिथेच नाटक लिहिलं, पुढे बंगाली टाइपरायटरचा कीबोर्ड बनवला, सरकारने रेडिओवर रवींद्रसंगीत बंद करायला घेतलं तेव्हा विरोधाला उभे. अशा लोकांनी भाषेच्या भांडणाचा देश करून दाखवला, मग देश होणारच असेल तर निदान तो चालवायला शहाणं माणूस शिल्लक नको, एवढा सरळ हिशोब.

रोखठोक७७
थोडक्यात हिंदूंना वेचून मारलं, स्पष्ट बोला की.

जुनीपानं
@रोखठोक७७ मार्चमध्ये हिंदू वस्त्या आणि जगन्नाथ हॉल ठरवून गाठले हे खरंय, कोणी नाकारत नाही. पण डिसेंबरची नावं वाचा ना: मुनीर चौधुरी, मोफज्जल हैदर चौधुरी, शहीदुल्ला कैसर, डॉ. फजले रब्बी, डॉ. आलीम चौधुरी. संतोष भट्टाचार्य यांच्यासारखी दोनचार सोडली तर बहुतेक मुसलमान. त्यांचा गुन्हा बंगालीपणा होता.

उचलायला येणारे अल-बदरचे, म्हणजे पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या टोळीतले, बहुतांश जमात-ए-इस्लामीच्या विद्यार्थी संघटनेतली पोरं. कर्फ्यू लागलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, ओळखू येऊ नये म्हणून चिखल फासलेली मिनीबस दारात थांबायची, डोळ्यांवर पट्टी बांधून न्यायचे. आत्मसमर्पणानंतर गव्हर्नर हाऊसमध्ये पाकिस्तानी मेजर जनरल राव फर्मान अलीची डायरी सापडली, तिच्यात यातली बरीच नावं होती. तो शेवटपर्यंत हात झटकत राहिला.

प्रेतं सापडली ढाक्यातल्याच रायेरबाजारच्या वीटभट्ट्यांच्या खड्ड्यांत आणि मीरपूरला. पत्रकार सेलिना परवीन यांना थंडी बाधायची म्हणून त्या मोजे घालायच्या, त्या पांढऱ्या मोज्यांवरून त्यांची ओळख पटली. शहीदुल्ला कैसर मात्र सापडलेच नाहीत. त्यांचा भाऊ, सिनेमा दिग्दर्शक जहीर रायहान, त्यांना शोधायला ३० जानेवारी १९७२ ला मीरपूरमध्ये गेला तो परत आलाच नाही. युद्ध संपून दीड महिना झाला होता आणि तो भाग अजून हत्यारबंद लोकांच्या ताब्यात, हे आपल्या विजय दिवसाच्या लेखांमध्ये कधी वाचलंय का कोणी?

पद्माकाठी
मी कापडाच्या धंद्यात असल्याने ढाक्यात काही वर्षं काढलीत. वरचं सगळं बरोबर, पण "१४ डिसेंबर" म्हणून सगळं एका दिवसात कोंबू नका. एकुशेच्या, म्हणजे २१ फेब्रुवारीच्या भाषा आंदोलनाच्या, गाण्याला चाल देणारे अल्ताफ महमूद ऑगस्टमध्येच नेले. ढाक्याबाहेर राजशाही, सिल्हेट इकडेही प्राध्यापक-डॉक्टर मारले गेले. बांगलापीडिया या तिकडच्या ज्ञानकोशात आकडा १,१११ आहे आणि त्यात सगळ्यात जास्त शिक्षक, खेड्यातले मास्तर धरून. सरकारने स्वतःची पहिली यादी काढली २०२१ मध्ये, १९१ नावं, म्हणजे पन्नास वर्षांनी! तोवर पोस्टाची तिकिटं निघत होती, भाषणं होत होती, आणि घरच्यांनी कागद गोळा करत बसायचं. मधुदांचं नाव तर २०२४ मध्ये यादीत आलं.

खटल्यांचंही तेच. १८ बुद्धिजीवींच्या खुनासाठी ढाक्याच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दोघांना फाशी सुनावली, दोघेही गैरहजर, एक ब्रिटनमध्ये, एक अमेरिकेत. लंडनवाला आरोप नाकारतो, त्याने उलट ब्रिटिश सरकारवरच बदनामीचा दावा लावला आणि २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो पुढे चालवायला परवानगी दिली. त्या न्यायाधिकरणाच्या कामकाजावर बाहेर भरपूर टीका झालीय, हेही खरंच. माझ्या मते घाईने आणि राजकारण करत खटले चालवले की असंच होतं, आरोपीला बोलायला जागा मिळते आणि मेलेल्यांच्या घरचे परत कोर्टाच्या बातम्या वाचत बसतात.

चहाबाज
धन्यवाद सगळ्यांना, एवढं अपेक्षित नव्हतं. मग १४ ला कुठल्या स्मारकावर जाऊ, मीरपूर की रायेरबाजार?

पद्माकाठी
मीरपूरला सकाळी बडे लोक, बंदोबस्त, रस्ते बंद. रायेरबाजारला जा, धानमंडीपासून जवळ आहे. दोन्ही टोकांना मोडलेली विटांची लांबलचक भिंत, मधे चौकोनी खिडकी, पुढे पाण्यात काळा खांब. दुपारनंतर शाळेची पोरं फुलं घेऊन येतात. आगरगावचं मुक्तियुद्ध संग्रहालय वेगळ्या दिवशी ठेव, अर्धा दिवस जातो, आणि रिक्षा आधीच भाडं ठरवून घे.