आरसी ट्रकचे २६ सीसी पेट्रोल इंजिन गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही

माळरान_ट्रक

नमस्कार. माझ्याकडे एक-पंचमांश मापाचा रिमोटवर चालणारा ट्रक आहे. तो वापरलेला घेतला असून त्यात हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. नावाला ते २६ सीसीचे म्हणतात, प्रत्यक्षात ३४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि २८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे २५.४ सीसी भरते. कार्ब्युरेटर वॉल्ब्रो कंपनीच्या डब्ल्यूटी धर्तीचा, फ्लोट नसलेला, डायफ्रामचा (लवचिक पडद्याचा) आहे. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल २५:१ प्रमाणात, म्हणजे लिटरला ४० मिली घालतो.

थंड असताना चोक (हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप) लावून दोन-चारदा दोरी ओढली की इंजिन सुरू होते आणि सुरुवातीला उत्तम पळते. टाकी साधारण निम्मी झाली की पूर्ण थ्रॉटलला ते अडखळू लागते. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, काही क्षण वरच रेंगाळतो. शेवटी एकदा आवाज चढतो आणि इंजिन बंद पडते. त्यानंतर ते हाताला गार लागेपर्यंत कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही. नवा प्लग बसवला, एअर फिल्टरचा फोम धुऊन तेल लावून घातला, टाकीतला फिल्टरही बदलला. हाय स्क्रू (पूर्ण वेगाला किती पेट्रोल जावे हे ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) पाव फेरा उघडल्यावर त्रास थोडा उशिरा सुरू होतो, पण थांबत नाही. गावातील ग्रास कटर दुरुस्त करणारे कारागीर नवा कार्ब्युरेटर घ्या म्हणतात. इतरत्र कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळाला. दोन्हींवर खर्च करण्यापूर्वी नेमका दोष कसा ओळखावा?

ठिणगी

गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे दुबळ्या कॉइलचे अगदी ठरलेले लक्षण आहे. कॉइलमधील वेटोळ्यांचे इन्सुलेशन जुने झाले की तापल्यावर ठिणगी मिळेनाशी होते आणि निवल्यावर सगळे पूर्ववत होते. यात अंदाज बांधण्याचे कारण नाही. इंजिन बंद पडताच प्लग काढा, तो टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरवरील धातूच्या पात्यांना टेकवा आणि सावलीत दोरी ओढून पाहा. मात्र प्लगचे भोक मोकळे असताना तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून दूर ठेवा. ठिणगी नसेल तर आधी किल स्विचची (इंजिन बंद करण्याच्या बटणाची) तार सुटी करून पुन्हा पाहा, कारण घासलेली तार चेसिसला टेकूनही असेच होते. कॉइल आणि फ्लायव्हील यांमधील फट सुमारे ०.३ मिमी असावी. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून ती लावता येते.

जुना_टूस्ट्रोक

ठिणगीची तपासणी करावीच, पण प्रश्नातील वर्णन नीट वाचले तर कॉइलवरचा संशय मला कमी वाटतो. कॉइल गेली की इंजिन दिव्याचे बटण दाबल्यासारखे तडक बंद होते. येथे बंद पडण्यापूर्वी आवाज चढतो आहे आणि थ्रॉटल सोडल्यावर तो वर रेंगाळतो आहे. ही दोन्ही लक्षणे मिश्रण लीन झाल्याची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याची आहेत. हाय स्क्रू उघडल्यावर त्रास लांबला, हेही त्याच दिशेने बोट दाखवते.

पेट्रोल कमी पडण्याची कारणे मात्र अनेक आहेत, आणि कार्ब्युरेटर त्यांपैकी केवळ एक आहे. सर्वांत स्वस्त तपासणी टाकीच्या झाकणाची. हवा आत येण्याचा मार्ग बुजला असेल, तर पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि कार्ब्युरेटरमधील पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. टाकी निम्मी झाल्यावर त्रास सुरू होतो असे आपण लिहिले आहे, म्हणून हे आधी पाहावे. अडखळणे सुरू होताच ट्रक थांबवून झाकण सैल करा. 'फुस्स' आवाज येऊन इंजिन सावरले, तर दोष सापडला.

त्याने फरक पडला नाही, तर इंजिन अडखळत असतानाच चोक क्षणभर अर्धा लावा. चोकने इंजिनाला बळ आले, तर पेट्रोल कमी पडते आहे हे निश्चित झाले. त्याच वेळी पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात का तेही पाहा. टाकीच्या आतील नळीला चीर पडली असली, तर पातळी त्या चिरेखाली गेल्यावर पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या नळ्या आणि डायफ्राम त्याने लवकर कडक होतात, आणि मिश्रण बरेच दिवस टाकीत राहिले तर ते हवेतील ओलही शोषते. आमच्या चेतकच्या काळात पंपावर डोळ्यांदेखत ऑइल मिसळून मिळत असे, तेव्हा ही भानगड नव्हती.

हे होईपर्यंत स्क्रू फिरवू नका. दोष दुसरीकडे असताना मिश्रण गाढे करत राहिलात, तर दोष झाकला जातो आणि मूळ सेटिंगही हरवते.

माळरान_ट्रक

दोघांचेही आभार. सर्व तपासण्या केल्या. बंद पडल्यावर लगेच पाहिले तेव्हा ठिणगी निळसर आणि जोरदार होती. झाकण सैल करून फरक पडला नाही. नळीत बुडबुडे नाहीत. अर्धा चोक लावताच मात्र इंजिन सावरले आणि थोडा वेळ चालत राहिले. प्लगचे टोक पांढरट दिसते. तर मग कार्ब्युरेटर घेऊ का?

फवारणी_पंपवाला

थोडे थांबावे. आमचे काम सांगली भागात ग्रास कटर आणि पेट्रोलच्या फवारणी पंपांच्या दुरुस्तीचे आहे. या ट्रकांची इंजिने त्याच कुळातली, म्हणून आत काय होते ते रोज पाहण्यात येते. ठिणगी आहे, टाकीला हवा मिळते, नळीत बुडबुडे नाहीत, आणि तरीही मिश्रण लीन होते. अशा वेळी दोन शक्यता उरतात. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडते आहे, किंवा कार्ब्युरेटरच्या पुढे इंजिन कोठून तरी चोरटी हवा ओढते आहे. थ्रॉटल सोडल्यावर आवाज वर रेंगाळतो, त्यावरून मी दुसरी शक्यता आधी तपासेन.

सिलिंडर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये उष्णता अडवणारा प्लास्टिकचा जाड ठोकळा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट असते. त्या ठोकळ्यात मुख्य वाटेशिवाय एक बारीक भोकही असते. क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातील) दाब पिस्टनच्या प्रत्येक फेरीत वरखाली होतो. त्याचे हेलकावे या भोकातून कार्ब्युरेटरच्या पंप डायफ्रामपर्यंत पोहोचतात आणि त्यांच्या जोरावर टाकीतून पेट्रोल ओढले जाते. तेथील गॅस्केट फाटले किंवा ठोकळ्याचे बोल्ट थरथरीने सैल झाले, की दुहेरी नुकसान होते. बाहेरची हवा आत शिरते आणि पंपाचा जोरही कमी होतो. तापल्यावर प्लास्टिक किंचित वाकून फट वाढते, म्हणून थंड असताना सारे ठीक वाटते. अशा इंजिनावर नवा कार्ब्युरेटर बसवला, तरी तोही तसाच वागेल. दुकानदार म्हणून नवा कार्ब्युरेटर विकणे मला सोयीचे असले, तरी खरे हेच आहे.

गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते धोक्याचे आहे. त्यापेक्षा रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा आणि काट्याची तबकडी वापरा. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचे तोंड जुन्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा. कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी तशीच पट्टी बसवा, फक्त बारीक भोकाशी नळी जोडता येईल अशी सोय ठेवा. प्लग घट्ट असू द्या आणि पिस्टन खाली आणून एक्झॉस्टचा पोर्ट (सिलिंडरमधील वाट) उघडा ठेवा. आता ३०० मिमी पाऱ्यापर्यंत दाब भरा. तो सुमारे ०.४ बार होतो आणि या कामाला पुरतो. काटा जागेवर राहायला हवा. तो घसरला, तर साबणाचे पाणी ठोकळ्याच्या दोन्ही कडा, सिलिंडरचा तळ आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील यांवर लावा. बुडबुडे आले तेथे गळती आहे.

माळरान_ट्रक

काटा ३०० वरून पाहता पाहता तळाला गेला. ठोकळा आणि सिलिंडर यांच्या मधल्या सांध्यातून फेसाचा पुंजकाच आला. उघडल्यावर गॅस्केट एका बाजूने फाटलेले आणि खालचा बोल्ट हाताने फिरेल इतका सैल आढळला. क्लचकडच्या ऑइल सीलपाशीही एखाददुसरा अगदी बारीक बुडबुडा दिसला. सीलही आताच बदलावे का?

फवारणी_पंपवाला

सील तूर्त राहू द्या. आधी ठोकळा काचेवर ठेवून वाकला आहे का पाहा. किंचित वाकला असेल, तर काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करता येतो. दोन्ही गॅस्केट नवीन घाला, आणि बसवताना त्यांचे बारीक भोक ठोकळ्याच्या भोकावर तंतोतंत येते याची खात्री करा. उलटे बसले तर भोक झाकले जाते आणि इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. बोल्टना मध्यम ताकदीचे, निळे थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावा. मग पुन्हा दाब भरा. काटा तरीही हळूहळू उतरत असेल आणि बुडबुडे फक्त सीलपाशी येत असतील, तर त्या वेळी सील बदला.

जुना_टूस्ट्रोक

आणि चालू करण्याआधी दोन्ही स्क्रू मूळ जागी आणा. हलक्या हाताने पूर्ण बंद करून लो (कमी वेगाच्या पेट्रोलचा) सव्वा फेरा आणि हाय दीड फेरा उघडा. इंजिन तापू द्या. आधी लो स्क्रू लावा, मग आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा वेग), आणि हाय सर्वांत शेवटी. हाय लावण्यासाठी ट्रक उचलून, चाके हवेत ठेवून पूर्ण थ्रॉटल देऊ नका. भार नसताना इंजिन मर्यादेबाहेर फिरते. मोकळ्या मैदानात सरळ पळवा आणि पूर्ण वेगाला आवाज किंचित फाटल्यासारखा, भरभर येतो का ऐका. तो मिश्रण थोडे गाढे असल्याचा आवाज आहे. तेथून एका वेळी जेमतेम एक-अष्टमांश फेरा बंद करत जा आणि आवाज स्वच्छ होताच थांबा. मग पूर्ण वेगात असतानाच किल स्विच दाबून प्लग काढा. टोक कॉफीच्या रंगाचे दिसले तर स्क्रू तेथेच ठेवा, पुन्हा पांढरट दिसले तर एक-अष्टमांश फेरा पुन्हा उघडा.