अँजिओप्लास्टी झालेल्यानं अंड्याचा बलक खावा का?

मांजराकाठ (लातूर):
काकांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून घरात बलक बंद, पांढरं तेवढं त्यांच्या ताटात. खारी आणि फरसाण मात्र चालू, कारण पुड्यावर ‘कोलेस्टेरॉल शून्य’ छापलंय. ही उलटी पथ्यं आहेत असं माझं ठाम मत. एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं. जेवणातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत आपलं काम आवरतं. एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, खरं चढवतात ते सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यासारखी थिजणारी चरबी) आणि डालड्यातलं ट्रान्स फॅट. अमेरिकेनं २०१५ च्या आहारसूचनांतून रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली. त्याच वर्षी तिथला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयरोग असलेल्या ३२ जणांना सहा आठवडे रोज दोन अंडी दिली. दंडाला पट्टा आवळायचा, सोडायचा, आणि रक्ताचा लोंढा आल्यावर धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजायचं. अंड्यांमुळे ते रुंदावणं कमी झालं नाही.

गोदाकाठची (नांदेड):
दादा, त्या प्रयोगाला पैसा अंडी-उद्योगाच्या संस्थेचा होता, तेही लिहा. आणि सहा आठवड्यांत काय कळणार? धमनीत थर साचायला वीस-तीस वर्षं जातात. ज्या सूचनांतून आकडा गेला, त्यांतच ‘कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी खा’ असंही होतं. ते वाक्य कुणी पुढं पाठवत नाही.

धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, म्हणून ती सैल होते. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला मिळालं. रक्तात एलडीएल वाढलं की ते अस्तराखाली शिरतं, तिथं बिघडतं आणि नायट्रिक ऑक्साइड कमी पडायला लागतं. मग जिना चढताना हृदयाला जास्त रक्त हवं असतं, तेव्हा रोगट धमनी रुंदावायच्या ऐवजी आखडूही शकते. काही लोकांचं यकृत तुम्ही म्हणता तसं आवरत नाही, त्यांचं एलडीएल बलकानंही चढतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या २९,६१५ लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा रोज ३०० मिलिग्रॅम जादा कोलेस्टेरॉलमागे हृदयविकार-पक्षाघाताचा धोका १७ टक्के जास्त दिसला.

मांजराकाठ:
ताई, त्या अभ्यासात लोकांना काय खाता हे सुरुवातीला एकदाच विचारलं होतं. पुढची कित्येक वर्षं तेच खाल्लं असं धरलं. शिवाय तिकडं अंड्यासोबत डुकराचं खारवलेलं मांस आणि लोणी असतं. दोष अंड्याचा की सोबतीचा, हे वेगळं काढणं अवघड. आमच्याकडं अंडं ज्वारीच्या भाकरीसोबत खातात.

बालाघाटी (बीड):
तुम्ही दोघं अंड्यावरच अडलात. आमच्याकडं खरा घास कंदुरीचा, म्हणजे नवसाच्या बकऱ्याच्या जेवणाचा असतो. तर्रीवर बोटभर तेल, वर काळीज आणि भेजा. बकऱ्याच्या भेज्यात कोलेस्टेरॉल अंड्याच्या कितीतरी पट असतं. चरबीनं भरलेल्या एकाच जेवणानंतर धमनीचं रुंदावणं काही तास मंदावतं, हे १९९७ मध्ये निरोगी माणसांवर मोजून दाखवलंय. आणि जेवण झालं की हातावर तंबाखू मळायची! ती त्याच अस्तराला मारते. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसलेली माणसं पंगतीत हे सगळं करताना बघतो आणि जीव तुटतो.

मांजराकाठ:
भेज्याबद्दल वादच नाही. पण आठवड्याला तीन-चार अंडी आणि कंदुरी एका मापानं मोजू नका. गावाकडं परवडणारं चांगलं प्रथिन दुसरं कोणतं?

गोदाकाठची:
डाळी आहेत, मटकी आहे, शेंगदाणे आहेत. बरं, काकांना साखर आहे का? मधुमेह्यांमध्ये अंडी आणि हृदयविकाराचा संबंध बऱ्याच अभ्यासांत जास्त ठळक दिसतो. शेवटचं एलडीएल किती होतं?

मांजराकाठ:
साखर आहे. एलडीएल ९२. फरसाण-खारी आजच बंद करायला लावतो. बलकावरचं माझं मत कायम आहे.

गोदाकाठची:
एकदा धमनी तुंबलेल्यांसाठी युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी २०१९ पासून एलडीएल ५५ च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट दिलंय. काकांचं ९२ आहे. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी रोज घेतात का, डोस पुरतो का, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. तोवर बलक नातवाला देत राहा.